अमेरिकेत कसे वागावे, हे सांगताना काय राहून जाते?

दरवर्षी जून-जुलै महिना आला की आमच्या कार्यालयात पक्षकारांबरोबर आणखी काही मंडळी येऊ लागतात. कोणाच्या हातात परदेश शिष्यवृत्तीचे मंजुरीपत्र असते, कोणाच्या हातात बँकेच्या कर्जाचे कागद. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला शिकायला निघालेली असते. हमीपत्र, प्रतिज्ञापत्र, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती असे काम उरकले की वडील हळूच म्हणतात, "वकीलसाहेब, तिकडं कसं वागायचं, तेबी जरा सांगा याला." घराण्यात पहिल्यांदाच कोणी विमानात बसणार असते. बापाची काळजी रास्त आहे.

तिकडची विद्यापीठे नवागतांसाठी माहितीपुस्तिका देतात, पहिल्या आठवड्यात परिचयवर्गही घेतात. टिप किती द्यावी, रांगेत कसे उभे राहावे, प्राध्यापकाशी कसे बोलावे, सारे त्यात असते. आमचे म्हणणे एवढेच की, या पुस्तिका 'कसे' ते सांगतात, 'का' ते सांगत नाहीत. आणि आंबेडकरी घरातून जाणाऱ्या मुलाला 'का' हे कळलेच पाहिजे.

आधी साध्या गोष्टी घेऊ.

आमचा पुतण्या काही वर्षांपूर्वी तिकडे शिकायला गेला. पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांनी नव्या विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलावले. बाईंनी विचारले, आणखी वाढू का? याने घरच्या वळणाप्रमाणे "नको" म्हटले. बाईंनी भांडे पुढच्या मुलाकडे सरकवले. रात्री फोन आला, "काका, जयभीम. उपाशीच आहे. इथं एकदाच विचारतात हो!"

आपल्याकडे पहिला 'नको' हा शिष्टाचार असतो आणि यजमानाने तीनदा आग्रह करायचा असतो. अमेरिकन माणूस 'नको' म्हणजे 'नको' असेच धरतो. पुन्हा विचारणे म्हणजे समोरच्याच्या निर्णयावर दडपण आणणे, असे त्याला वाटते. तेव्हा भूक असेल तर "हो, आवडेल" असे स्पष्ट म्हणावे. त्याचप्रमाणे येतो म्हटले की गेले पाहिजे, आणि सहा वाजता म्हटले की सहालाच गेले पाहिजे. जमणार नसेल तर आधी कळवावे. प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा, अशीही जेवणे असतात. तिथे रिकाम्या हाताने जाऊ नये.

उलट, काही वाक्ये शब्दशः घ्यायची नसतात. दुकानातला माणूस "कसे आहात?" विचारतो, तेव्हा त्याला तुमच्या आईच्या गुडघेदुखीची हकीकत ऐकायची नसते. "छान, तुम्ही कसे आहात?" एवढे म्हणावे. "कधीतरी भेटू या" हे आमंत्रण नव्हे. आमंत्रणात वार आणि वेळ असते. अनेक मुले पहिले दोन महिने या वाक्याची वाट पाहत खोलीत बसतात आणि मग 'हे लोक खोटारडे आहेत' असे ठरवतात. ते खोटारडे नाहीत. अनोळखी माणसाशी सौजन्याने बोलणे आणि मैत्री करणे, या दोन गोष्टी ते वेगळ्या ठेवतात, एवढेच. मैत्री हवी असेल तर आपणच वार सांगावा, वेळ सांगावी.

वस्तूवर छापलेल्या किमतीत बहुतेक राज्यांत विक्रीकर धरलेला नसतो. तो गल्ल्यावर वर लागतो. तारीख लिहिताना महिना आधी, दिवस नंतर. अंतर मैलात, तापमान फॅरनहाइटमध्ये. दारातून जाताना मागच्यासाठी दार धरून ठेवायचे. रांगेत पुढच्या माणसापासून हातभर अंतर सोडायचे. हे आठ दिवसांत अंगवळणी पडते.

वर्गाची गोष्ट मात्र गंभीर आहे. तिकडे वर्गात बोलण्याला अनेकदा गुण असतात. गप्प बसणारा विद्यार्थी नम्र समजला जात नाही. वाचून आलेला नाही, असे समजले जाते. आमची मुले गप्प का बसतात, हे आम्हाला ठाऊक आहे. इकडच्या वर्गांत प्रश्न विचारला की कोट्याचा म्हणून कुजबूज होते, म्हणून त्यांनी तोंड मिटून पास व्हायची सवय लावून घेतलेली असते. ती सवय विमानतळावरच सोडावी. "सर, मला हे पटत नाही" असे कारणासह सांगितले तर तिथला चांगला शिक्षक खुश होतो. आणि दुसऱ्याचे लिखाण स्रोत न देता आपले म्हणून उतरवणे ही तिकडे चोरी आहे. त्यापायी विद्यापीठातून काढले तर विद्यार्थी व्हिसाचा आधारच जातो. गाइड पाहून प्रबंध लिहिण्याची आपल्याकडची चाल तिथे एका रात्रीत घरी पाठवू शकते.

आता थोडे खोलात जाऊ.

पुस्तिका सांगतात, अमेरिकेत वरिष्ठालाही पहिल्या नावाने हाक मारतात. साठीचा प्राध्यापक म्हणतो, मला जॉन म्हण. मुले हरखून जातात. खरोखरच चांगली गोष्ट आहे. पण वरिष्ठाने स्वतःहून दिलेले नाव आणि हलके लेखून घेतलेले नाव यांत फरक असतो. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांना 'मिस्टर', 'मिसेस' आणि काळ्या माणसाला, तो म्हातारा असला तरी, नुसते पहिले नाव किंवा 'पोऱ्या' अशी हाक असे. १९६३ मध्ये अलाबामातील गॅडस्डेन येथे मेरी हॅमिल्टन ही नागरी हक्क कार्यकर्ती न्यायालयात साक्षीला उभी होती. सरकारी वकील तिला 'मेरी' म्हणत राहिला. नीट संबोधल्याशिवाय उत्तर देणार नाही, असे तिने सांगितले. न्यायाधीशाने न्यायालयाचा अवमान ठरवून पाच दिवस कैद आणि ५० डॉलर दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. एका 'मिस'साठी एक बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली! गावात ज्यांच्या आजोबांना सत्तरीतही 'अरे'च ऐकावे लागले, त्यांना ही लढाई वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. म्हणून आम्ही मुलांना सांगतो : प्राध्यापक स्वतः म्हणाले तर जरूर जॉन म्हणा, पण इमारत झाडणाऱ्या काळ्या बाईंना, त्यांनी सांगेपर्यंत, 'मिस' आणि आडनाव लावूनच बोला.

दुसरी गोष्ट टिपची. पुस्तिकेत लिहिलेले असते की, हॉटेलात बसून जेवलात तर बिलाच्या १५ ते २० टक्के टिप द्यावी. आपली मुले हिशेब करतात आणि चिडतात. जेवणाचे पैसे दिले, मग हे वर कशाला? उत्तर कायद्यात आहे. संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने थेट द्यायचे किमान वेतन ताशी फक्त २.१३ डॉलर आहे, आणि तो आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेली रक्कम टिपांतून भरून निघावी, न निघाल्यास मालकाने द्यावी, अशी तरतूद आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत टिप न धरता पूर्ण किमान वेतन द्यावे लागते. अनेक राज्यांत तसे नाही. म्हणजे तुमच्या टेबलावर पाणी आणून देणारी बाई मालकाच्या नव्हे, तुमच्या मर्जीवर जगते.

ही पद्धत कुठून आली? उमरावांनी नोकरांना बक्षिसी देण्याची चाल युरोपातून आली. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांना काम देताना अनेक मालकांनी तुटपुंजा पगार आणि वर टिप, ही सोय आयती उचलली. पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांत सामान उचलणारे, बिछाने घालणारे, बूट पुसणारे सेवक काळेच असत. कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी प्रत्येक सेवकाला 'जॉर्ज' म्हणत. गुलामाला धन्याचे नाव लावण्याची जुनी रीत रेल्वेच्या डब्यात अशी जिवंत राहिली. टिपेच्या विरोधात तेव्हाही आवाज उठला होता. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपबंदीचा कायदा केला, पण तो टिकला नाही. याच सेवकांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावला. १९५५ मध्ये माँटगोमेरीच्या बसमध्ये रोझा पार्क्स यांना अटक झाली तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला धावलेले ई. डी. निक्सन हेही याच डब्यांतले सेवक होते. बलुत्याच्या धान्यासाठी खळ्यावर उभे राहिलेल्यांच्या नातवंडांना मर्जीवरच्या मजुरीचा अर्थ कळतो. म्हणून टिप द्या, हिशेबाने द्या, उपकार केल्याच्या तोऱ्यात देऊ नका. ती आपण देत असलेली मजुरीच आहे.

नवागतांना 'अमेरिकन वागणे' शिकवण्याचा इतिहासही निर्मळ नाही. १८८९ मध्ये जेन ॲडम्स यांनी शिकागोत हल हाऊस सुरू केले. तिथे स्थलांतरित कामगारांना इंग्रजी, आरोग्य, कायदा शिकवत आणि त्यांच्या शेजारीच राहत. दुसरीकडे हेन्री फोर्ड यांनी १९१४ मध्ये रोज पाच डॉलर मजुरी जाहीर केली. पण ती पदरात पडण्यासाठी कंपनीचे तपासनीस कामगाराच्या घरी जाऊन तो स्वच्छ राहतो का, दारू पितो का, पैसे साठवतो का, हे पाहत. फोर्डच्या इंग्रजी शाळेच्या पदवीदान समारंभात रंगमंचावर एक भलीमोठी कढई असे. कामगार आपापल्या देशाच्या पोशाखात तिच्यात उतरत आणि दुसऱ्या बाजूने अमेरिकन सूट घालून, हातात झेंडा घेऊन बाहेर येत. आपले सारे टाकून द्या, मग माणसात घेऊ, असा तो संदेश होता.

तिसरे एक पुस्तक तर आपल्याच देशातल्या लोकांसाठी होते. हार्लेममधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून काळ्या प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली. कोणत्या गावात कोणते हॉटेल जेवू देईल, कुठे मुक्काम करता येईल, याची ती यादी होती. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राहिलेल्या नागरिकांना अन्न-निवाऱ्यासाठी परक्यासारखी पुस्तिका जवळ बाळगावी लागत होती. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी दुकानातल्या खाणावळीत, गोऱ्यांसाठी राखलेल्या खुर्च्यांवर जाऊन बसले. कोणी वाढले नाही. ते बसून राहिले. पुढे हजारो विद्यार्थी ठिकठिकाणी बसले. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा झाला आणि त्यानंतर काही वर्षांत ती मार्गदर्शिका निघायची थांबली. आज आपला मुलगा कोणत्याही हॉटेलात जाऊन हवी ती खुर्ची ओढतो, ती सोय या मुलांनी करून ठेवली आहे. चवदार तळ्याच्या वारसांनी त्या खुर्चीवर बसताना एवढे तरी आठवावे.

त्याच कायद्याची खूण नोकरीच्या अर्जावरही दिसते. आपल्याकडच्या बायोडाटात वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, कधी जातही लिहिलेली असते आणि वर फोटो चिकटवलेला असतो. तिकडे यातले काहीच लिहीत नाहीत. वंश, वर्ण, धर्म, लिंग, राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरी नाकारणे १९६४ च्या कायद्याने गुन्ह्यासारखे महाग पडते, म्हणून शहाणा मालक ते विचारतच नाही. पुस्तिका सांगते, फोटो लावू नका. का लावू नये, ते हे आहे.

पोलिसांविषयी वकील या नात्याने दोन शब्द. आपल्याकडे हवालदाराने शिट्टी मारली की चालक उतरून साहेबांकडे चालत जातो. तिकडे असे करू नये. गाडी कडेला घ्यावी, आतच बसावे, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत. कागद काढायला खिशात हात घालण्यापूर्वी सांगावे. चहापाण्याची भाषा चुकूनही काढू नये. लाच देऊ करणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. हेच धडे काळे आईबाप आपल्या मुलांना लहानपणापासून देतात, कारण चुकीची किंमत त्यांना जिवाने मोजावी लागते. मे २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांचे काय झाले, ते जगाने पाहिले.

पण घाबरून जाण्याचेही कारण नाही. १८८६ मध्ये यिक वो या चिनी धोबीकामगाराच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चौदाव्या दुरुस्तीचे समान संरक्षण केवळ नागरिकांना नाही, त्या भूमीवरील प्रत्येक व्यक्तीला आहे. चौकशीत गप्प राहण्याचा, वकील मागण्याचा हक्क परदेशी विद्यार्थ्यालाही आहे. मात्र अठरा वर्षांवरील परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, हाही तिथला कायदाच आहे. जून २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरील खाती तपासणीसाठी खुली ठेवण्यास सांगण्यात आले. काळ कडक आहे. कागदपत्रे चोख ठेवा आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय बाहेर काम धरू नका.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले तेव्हा त्यांच्या हाती अशी पुस्तिका नव्हती. कोलंबियात ते ड्युई, सेलिग्मन यांच्यासारख्या गुरूंपुढे बसले, वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. युरोप-अमेरिकेतील त्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले. १९१७ मध्ये बडोद्यात राहायला खोली मिळेना, तेव्हा ती जाणीव पुन्हा झाली. पण लक्षात घ्या, बाबासाहेब पोहोचले त्याच १९१३ साली अध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने टपाल आणि अर्थ खात्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली होती. बाबासाहेबांची नजर यावरून घसरली नाही. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अमेरिकेकडून घेण्याजोगे त्यांनी घेतले आणि तिच्या जखमेवरही बोट ठेवले. नवागताने कसे वागावे, याचा याहून चांगला धडा आमच्यापाशी नाही.

शेवटची गोष्ट आपल्याच लोकांची. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांनी अमेरिकन नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद केला होता की, आपण उच्च जातीचे, आर्य वंशाचे, म्हणून गोरेच आहोत. न्यायालयाने तो फेटाळला. जात पुढे करून दार उघडले नाही. ते मोठ्या प्रमाणात उघडले १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्क चळवळीने तापवलेल्या वातावरणातच झाला. काळ्यांच्या लढ्याने उघडलेल्या दारातून आत गेलेल्यांपैकी काहींनी सामानात जातही नेली. नवा भारतीय मुलगा दिसला की "पूर्ण नाव काय? गाव कोणतं? शाकाहारी का?" असे विचारत विचारत आडनावापर्यंत पोहोचायचे, ही रीत सातासमुद्रापार जशीच्या तशी आहे. म्हणूनच फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराला, पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांच्या प्रस्तावावरून, जातिभेदाला बंदी करणारा कायदा करावा लागला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक संमत केले. राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते नाकारताना, सध्याच्या कायद्यांतही असा भेदभाव निषिद्धच आहे, असे कारण दिले. आमच्या मुलांनी हे कारण पाठ करून ठेवावे. उद्या कोणी छळलेच तर त्यांच्या वकिलाला ते उपयोगी पडेल.

तेव्हा निघणाऱ्या मुलांना आमचे सांगणे एवढेच. तिथे प्राध्यापक आपला डबा आपण गरम करतो, आपले भांडे आपण धुतो, ते शिका. नाव सांगितल्यावर माणूस आडनाव न विचारता हात पुढे करतो, ते शिका. पण हा रिवाज कोणाच्या तुरुंगवासातून, कोणाच्या संपातून आला, तेही शिका, आणि शेजारचा काळा विद्यार्थी भेटला तर आधी त्याचे ऐका.

आणि जे आधीच पोहोचले आहेत त्यांना विनंती. पहिल्या सहा महिन्यांत काय चुकले, कोणी मदत केली, कुठे अपमान झाला, हे चार पानांत मराठीत लिहून मागे पाठवा. पुढच्या जुलैत एखादा बाप पुन्हा आमच्यासमोर बसून तोच प्रश्न विचारणार आहे. त्याच्या हातात द्यायला आमच्यापाशी तुमची चार पाने असली पाहिजेत.